आईच्या फर्निचरवर उभे राहिलेले मासिक

(अमेरिकेतील कृष्णवर्णीय प्रकाशक जॉन एच. जॉन्सन यांच्या उद्योगाची ओळख)

— बी. कॉम. द्वितीय वर्ष, मराठी विभाग

वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला की पहिल्याच वर्षी आपल्याला शिकवतात, कोणताही धंदा उभा करायचा तर चार गोष्टी लागतात : भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक. परीक्षेत या चारांवर टीप लिहून आपण मोकळे होतो. परंतु ज्याच्याकडे भूमी नाही, ज्याच्या श्रमाला बाजारात पुरती किंमत नाही आणि ज्याच्या रंगाकडे पाहूनच बँक त्याला दारातून परत पाठवते, असा माणूस संयोजक कसा होतो? या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात सहसा मिळत नाही. ते एका माणसाच्या चरित्रात मिळाले, म्हणून हा लेख.

या माणसाचे नाव जॉन हॅरॉल्ड जॉन्सन. ‘निग्रो डायजेस्ट’, ‘एबनी’ आणि ‘जेट’ या नियतकालिकांचे ते संस्थापक. अमेरिकेतील सर्वात श्रीमंत चारशे माणसांची जी यादी ‘फोर्ब्स’ मासिक दरवर्षी छापते, तिच्यात १९८२ साली त्यांचे नाव आले. त्या यादीत आलेले ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. ‘निग्रो’ हा शब्द आज तिकडे अपमानास्पद मानला जातो; पण त्या काळी ते लोक स्वतःही तो वापरत असत. म्हणून नियतकालिकाच्या नावात तो आहे तसाच ठेवला आहे.

बांधावरचे दिवस

जॉन्सन यांचा जन्म १९ जानेवारी १९१८ रोजी आर्कान्सा राज्यातील आर्कान्सा सिटी या मिसिसिपी नदीकाठच्या लहानशा गावी झाला. वडील लाकडाच्या वखारीत कामाला होते. तेथील गिरणीत अपघात होऊन ते गेले, तेव्हा मुलगा अजून लहानच होता. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला. गाव बुडाले. मायलेक जीव घेऊन नदीच्या उंच मातीच्या बांधावर चढले आणि कित्येक दिवस तेथेच इतर लोकांबरोबर राहिले. आपल्याकडे कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या माणसांना हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

गावात काळ्या मुलांसाठी आठवीपर्यंतच शाळा होती. हायस्कूल होते, पण ते गोऱ्यांचे. आई गर्ट्रूड ही दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक आणि कपडे धुण्याचे काम करी. मुलाला शिकागोला नेऊन हायस्कूलमध्ये घालायचे, असा तिने निश्चय केला. आठवी संपली तेव्हा प्रवासापुरते पैसे जमले नव्हते. मग तिने काय करावे? मुलाला पुन्हा आठवीतच बसवले! पोरगा रिकामा फिरला तर कामाला लागेल आणि एकदा कामाला लागला की शिक्षण सुटेल, हे ती जाणून होती. नापास न होता आठवी दोनदा करणारा विद्यार्थी पाहून गावाने थट्टा केली असणारच. बाईने तिकडे लक्ष दिले नाही.

१९३३ साली दोघे शिकागोला आले. ते मंदीचे दिवस. पुढे काही काळ हे कुटुंब सरकारी मदतीवर जगले. शाळेत मुलगा गावंढळ बोली आणि घरी शिवलेले कपडे यांमुळे चेष्टेचा विषय झाला. त्याने आरशासमोर उभे राहून बोलण्याचा सराव केला, वाचनालयातील पुस्तके वाचून काढली आणि शेवटी शाळेच्या वर्तमानपत्राचा संपादक झाला. आपल्यापैकी जे खेड्यातून बसने येऊन या महाविद्यालयात शिकतात, त्यांना या आरशाचे महत्त्व पटेल.

१९३६ साली शाळा संपताना एका समारंभात त्याची गाठ हॅरी पेस यांच्याशी पडली. पेस हे ‘सुप्रीम लाइफ’ या कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या विमा कंपनीचे अध्यक्ष. कॉलेजला जाण्याची इच्छा आहे पण पैसे नाहीत, हे कळल्यावर पेस यांनी त्याला अर्धवेळ नोकरी दिली.

पाचशे डॉलर

नोकरीत जॉन्सन यांच्याकडे एक काम आले. देशभरची वर्तमानपत्रे व मासिके वाचायची, त्यांत काळ्या समाजाविषयी जे काही आले असेल ते टिपायचे आणि साहेबांना त्याचा सारांश द्यायचा. काम करता करता त्यांच्या ध्यानात आले की आपण चारचौघांत बसून या बातम्या सांगू लागलो की लोक कान देऊन ऐकतात आणि ‘हे कुठे वाचायला मिळेल?’ असे विचारतात. मिळणार कुठे? मोठ्या वर्तमानपत्रांत काळा माणूस दिसे तो बहुतेक गुन्ह्याच्या बातमीत. त्याचे लग्न, त्याची पदवी, त्याचे दुकान, त्याचा मृत्यू यांना तेथे जागा नव्हती. म्हणजे वाचक होता, मजकूरही होता. त्या दोघांची गाठ घालून देणारे कोणी नव्हते. धंद्याची संधी म्हणतात ती हीच.

‘रीडर्स डायजेस्ट’च्या धर्तीवर ‘निग्रो डायजेस्ट’ काढायचे ठरले. भांडवल शून्य. परंतु विमा कंपनीकडे २०,००० विमेदारांचे पत्ते होते. पेस यांनी ते वापरण्याची परवानगी दिली. प्रत्येकाला पत्र पाठवून मासिक निघण्यापूर्वीच २ डॉलर वर्गणी मागायची, अशी योजना. आता अडचण उरली टपालखर्चाची. त्याला ५०० डॉलर हवे होते.

जॉन्सन शिकागोतील एका मोठ्या बँकेत गेले. काळ्या लोकांना आम्ही कर्ज देत नाही, असे तेथे तोंडावर सांगण्यात आले. दुसरा कोणी असता तर रागाने निघून गेला असता. यांनी त्याच कारकुनाला विचारले, मग आम्हाला कर्ज देते तरी कोण? त्याने एका लहान कर्जसंस्थेचे नाव दिले. ती संस्था तयार झाली, पण तारण मागू लागली.

घरात तारण ठेवण्याजोगे एकच होते : आईचे नवे फर्निचर. लोकांच्या घरी राबून, हप्ते भरून तिने ते घेतले होते, आणि हप्ते नुकतेच फिटले होते. मुलाने मागणी केली तेव्हा तिने लगेच होकार दिला नाही. देवाला विचारते, म्हणाली. काही दिवस गेले. मायलेकांनी मिळून प्रार्थना केली, रडलेही. आणि मग तिने सही दिली. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर कंपनीचे पहिले भागभांडवल त्या बाईने घातले, आणि बुडाले असते तर बसायला खुर्ची राहिली नसती, इतकी जोखीम घेतली.

वीस हजार पत्रे गेली. ३,००० जणांनी पैसे पाठवले. म्हणजे शेकडा पंधरा. हाती आले ६,००० डॉलर. १९४२ च्या नोव्हेंबरात पहिला अंक निघाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वर्गणीदारांनी जे पैसे दिले, ते न पाहिलेल्या मासिकासाठी दिले. ज्या समाजाला बँक पत देत नव्हती, त्या समाजानेच आपल्या माणसाला पत दिली. ताळेबंदात ही गोष्ट ‘आगाऊ जमा’ या नावाने देय बाजूस लिहिली जाते. तिचा खरा अर्थ विश्वास असा आहे.

आता अंक दुकानांत जायला हवा. वितरकाने सांगितले, काळ्यांची पुस्तके खपत नाहीत, ठेवणार नाही. जॉन्सन यांनी आपल्या कचेरीतील सोबत्यांना शहराच्या दक्षिण भागातील विक्रेत्यांकडे पाठवले आणि ‘निग्रो डायजेस्ट आहे का?’ असे विचारायला लावले. चारदोन दिवसांत विक्रेते वितरकाकडे मासिक मागू लागले. अंक दुकानांत आले, तेव्हा सोबत्यांनीच ते विकत घेतले. पैसे अर्थात जॉन्सन यांचे. ही लबाडी झाली का? कठोरपणे पाहिले तर थोडी झालीच. पण ज्याचा माल दुकानात ठेवूच दिला जात नाही, त्याने गिऱ्हाईक आहे हे सिद्ध तरी कसे करावे? पुढे खरी गिऱ्हाइके आली आणि युक्तीची गरज संपली. वर्षभरात खप ५०,००० वर गेला. ‘मी निग्रो असतो तर’ या सदरात गोऱ्या नामवंतांकडून लेख मागवले जात. ऑक्टोबर १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्यात लिहिले आणि खप जवळजवळ दुप्पट झाला.

खप वाढतो, तोटाही वाढतो

१ नोव्हेंबर १९४५ रोजी ‘एबनी’चा पहिला अंक निघाला. एबनी म्हणजे आबनूस, काळेभोर, टणक आणि मोलाचे लाकूड. हे नाव जॉन्सन यांच्या पत्नी युनिस यांनी सुचवले. ‘लाइफ’ या चित्रमय साप्ताहिकासारखे याचे रूप होते : मोठा आकार, गुळगुळीत कागद, पानोपानी छायाचित्रे. २५,००० प्रती हातोहात गेल्या. पुन्हा छापाव्या लागल्या.

आता वाचक म्हणतील, मग अडले कुठे? अडले ते हिशेबात. चित्रमय मासिकाची प्रत छापायला जो खर्च येतो, तो वाचकाने दिलेल्या किमतीतून पूर्ण भरून निघत नाही. समजा, एका प्रतीला बारा रुपये खर्च आला आणि ती दहा रुपयांना विकली, तर हजार प्रतींवर दोन हजारांचा आणि लाख प्रतींवर दोन लाखांचा तोटा. मासिक जितके लोकप्रिय, तितका मालक कर्जबाजारी! ही खोट जाहिरातींनी भरून निघते. आपल्या या वार्षिक अंकाच्या मागील पानांवर कापड दुकानांच्या आणि मिठाईवाल्यांच्या जाहिराती का असतात, हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यातली मेख लगेच कळेल.

मोठ्या कंपन्या ‘एबनी’ला जाहिरात देईनात. त्यांचा युक्तिवाद ऐकायला सरळ होता : काळे लोक गोऱ्यांची मासिके वाचतातच, आमची जाहिरात तेथे ते पाहतात, मग वेगळा खर्च कशाला? आपल्या सीमाभागात हा युक्तिवाद नवा नाही. ‘सगळ्यांना दुसरी भाषा समजते, मग तुमच्या भाषेत कशाला?’ हे वाक्य आपण मराठीवालेही ऐकतो आणि आपले कन्नड मित्रही कुठे ना कुठे ऐकतात. समजणे वेगळे आणि आपल्याला उद्देशून कोणी बोलले असे वाटणे वेगळे. जॉन्सन यांनी हा फरक पैशांच्या भाषेत सांगितला. आमच्या लोकांकडे खरेदीची ताकद आहे, ते पारखून माल घेतात, आणि जो त्यांना मान देईल त्याच्याशी ते एकनिष्ठ राहतात, असे त्यांचे म्हणणे. १९५४ साली तर कृष्णवर्णीय ग्राहकाला माल कसा विकावा या विषयावर त्यांनी एक माहितीपटच काढवला. तो व्यापाऱ्यांना दाखवण्यासाठी होता.

झेनिथ या रेडिओ कंपनीची कथा या संदर्भात नेहमी सांगतात. तिचे प्रमुख युजीन मॅकडॉनल्ड हे उत्तर ध्रुवाकडील मोहिमेवर जाऊन आलेले गृहस्थ. भेटीपूर्वी जॉन्सन यांनी त्यांची सगळी माहिती काढली. पिअरी यांच्यासोबत उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत मॅथ्यू हेन्सन नावाचा कृष्णवर्णीय संशोधक होता. जॉन्सन यांनी हेन्सन यांना गाठून त्यांच्या आत्मकथनाच्या प्रतीवर मॅकडॉनल्ड यांच्यासाठी सही घेतली आणि ‘एबनी’त हेन्सन यांच्यावर लेखही छापला. भेटीत मॅकडॉनल्ड यांनी भिंतीवरचे बर्फातले जोडे दाखवले. ते हेन्सन यांनीच दिलेले होते. त्या दिवशी जाहिरात मिळाली. शिवाय मॅकडॉनल्ड यांनी दुसऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांनाही दूरध्वनी केले.

सगळीकडे असे घडले नाही. मोटारीच्या कंपन्यांनी फार वर्षे दाद दिली नाही. ‘एबनी’चा जाहिरात प्रतिनिधी जवळजवळ दहा वर्षे दर आठवड्याला डेट्रॉईटच्या वाऱ्या करीत होता. मधल्या काळात कर्ज फेडण्यासाठी जॉन्सन यांनी टपालाने माल पाठवणारी दुसरी कंपनी काढली. तीत केशप्रसाधने, टोप, जीवनसत्त्वाच्या गोळ्या असे पुष्कळ काही विकले आणि मासिक जगवले.

इमारत घेतानाही रंग आड आला. मिशिगन ॲव्हेन्यूवरची एक इमारत विकाऊ होती, पण मालक काळ्या गिऱ्हाइकाला देणार नाही हे उघड होते. तेव्हा एका गोऱ्या वकिलामार्फत सौदा केला आणि स्वतः जॉन्सन साफसफाईच्या माणसाचे कपडे घालून, आपण घेत असलेली जागा पाहून आले. पुढे त्याच रस्त्यावर त्यांनी अकरा मजली इमारत बांधली. १९७२ साली ती उघडली. वास्तुविशारद जॉन मुतुसामी हेही कृष्णवर्णीय. या वेळी वेषांतर करावे लागले नाही.

एक छायाचित्र

१ नोव्हेंबर १९५१ रोजी ‘जेट’ सुरू झाले. खिशात मावणारे, आठवड्याला निघणारे. या लहान साप्ताहिकाने जे केले, ते मोठ्या मासिकालाही साधले नाही.

२८ ऑगस्ट १९५५ रोजी मिसिसिपी राज्यात एमेट टिल या शिकागोच्या चौदा वर्षांच्या मुलाची गोऱ्यांनी हत्या केली. तो सुट्टीत नातेवाइकांकडे गेला होता. नदीतून काढलेले प्रेत ओळखण्याजोगे राहिले नव्हते. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, अशी तिची भूमिका होती. ‘जेट’चे छायाचित्रकार डेव्हिड जॅक्सन यांनी छायाचित्र घेतले. छापावे की नाही, यावर कचेरीत चर्चा झाली. जॉन्सन यांनी छापण्याचा निर्णय घेतला. १५ सप्टेंबरच्या अंकात ते आले. अंक संपला, पुन्हा छापावा लागला. मोठ्या गोऱ्या वर्तमानपत्रांनी ते छापले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात माँटगोमेरीचा बस बहिष्कार सुरू झाला. नागरी हक्कांच्या चळवळीत पडलेल्या कित्येक तरुणांनी पुढे सांगितले की, त्या छायाचित्राने आम्हाला झोपू दिले नाही.

हे छायाचित्र छापण्यासाठी जॉन्सन यांना कोणा दुसऱ्या मालकाला विचारावे लागले नाही. आईच्या फर्निचरपासून सुरू झालेल्या स्वतंत्र मालकीचा खरा उपयोग कोणता, असे कोणी विचारले तर मी नफ्याचे आकडे दाखवणार नाही, या अंकाकडे बोट दाखवीन. १९६९ साली ‘एबनी’चे छायाचित्रकार मोनेटा स्लीट यांना, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत त्यांच्या पत्नी व लहान मुलीच्या घेतलेल्या छायाचित्रासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

डॉ. किंग यांचा ‘एबनी’शी जुना संबंध होता. १९५७-५८ मध्ये ते त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर लिहीत. १९५९ साली ते भारतात येऊन गेले, आणि त्या प्रवासाविषयीचा त्यांचा लेख त्याच वर्षीच्या जुलैच्या ‘एबनी’त आला. मुंबईच्या रस्त्यांवर उघड्यावर झोपणारी माणसे, गांधीजींच्या अनुयायांच्या भेटी, अस्पृश्यतेविरुद्ध सरकारने उचललेली पावले, हे सारे त्यात आहे. म्हणजे अमेरिकेतल्या न्हाव्याच्या दुकानात बसलेल्या माणसाने आपला देश पाहिला तो या मासिकातून.

दुसरी बाजू

एवढ्यावर थांबलो तर हा लेख स्तुतिपाठ होईल. ‘एबनी’वर टीकाही भरपूर झाली. त्यात मोटारी, बंगले, नट-नट्या आणि लक्षाधीशच फार. गरीब काळ्या माणसाचे रोजचे हाल दिसत नाहीत, असे टीकाकार म्हणत. समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी कृष्णवर्णीय मध्यमवर्गावरील आपल्या ग्रंथात अशा नियतकालिकांवर कडक शब्दांत झोड उठवली. शिवाय काळेपणाचा अभिमान सांगणाऱ्या मासिकात कातडी उजळवणाऱ्या मलमांच्या जाहिराती छापल्या जात, हा विरोधाभास होताच.

ही टीका खोटी नव्हे. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. पहिली, ज्या लोकांना सतत अपयशाचीच चित्रे दाखवली गेली, त्यांना आपल्यातला यशस्वी माणूस पाहण्याची भूक होती. जॉन्सन यांनी ती ओळखली. दुसरी, काळ बदलला तसे मासिकही बदलले. लेरोन बेनेट यांच्या इतिहासविषयक लेखांतून ‘बिफोर द मेफ्लॉवर’ हा ग्रंथ १९६२ साली तयार झाला. ऑगस्ट १९६५ मध्ये ‘एबनी’ने एक संपूर्ण विशेषांक अमेरिकेतील ‘गोऱ्यांचा प्रश्न’ या विषयावर काढला. आजवर सगळे ‘निग्रोंचा प्रश्न’ म्हणत आले होते. प्रश्न कोणाचा आहे, हे या अंकाने उलटून विचारले. पुसट कातडीच्या मलमाची जाहिरात घेणाऱ्या प्रकाशनाने १९७३ साली सावळ्या व काळ्या वर्णाला शोभतील अशी प्रसाधने स्वतःच बाजारात आणली, हेही नोंदवले पाहिजे.

मागे काय उरले

ज्या विमा कंपनीत ते पोऱ्या म्हणून लागले, तिचेच पुढे ते अध्यक्ष झाले. १९९६ साली त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सन्मान मिळाला. ८ ऑगस्ट २००५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतरची कहाणी दुःखाची आहे. छापील मासिकांचा वाचक संगणकाकडे व फोनकडे गेला, जाहिरातीही त्याच्या मागून गेल्या. अकरा मजली इमारत २०१० साली विकली गेली. ‘जेट’ची छपाई २०१४ साली थांबली. २०१६ साली मासिके दुसऱ्या मालकाकडे गेली. २०१९ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ‘एबनी’ पुढे नव्या मालकाने २०२१ पासून संगणकावर चालू केले.

दिवाळखोरीच्या लिलावात सर्वात जास्त किंमत कशाला आली असेल? यंत्रांना नव्हे, फर्निचरलाही नव्हे. पोतडीत साठलेल्या छायाचित्रांना! चाळीस लाखांहून अधिक छायाचित्रांचा तो संग्रह चार धर्मादाय संस्थांनी मिळून ३ कोटी डॉलरला घेतला आणि सर्वांना पाहता यावा म्हणून संग्रहालय व संशोधन संस्थेकडे सोपवला. लग्ने, शाळा, सभा, दुकाने, अंत्ययात्रा. ज्या आयुष्यांना मोठ्या वर्तमानपत्रांनी बातमी मानले नाही, त्यांची ही नोंद. ती त्या वेळी कोणी ठेवली नसती तर आज कितीही पैसे देऊन मिळाली नसती.

मित्रहो, आपल्यातील बरेच जण पुढे बँकेत, पतसंस्थेत, विमा कंपनीत नोकरीला लागतील. एक दिवस टेबलापलीकडे कोणीतरी पाचशेच्या बेताचे कर्ज मागायला बसलेला असेल. त्याच्या अर्जात तारणाच्या रकान्यात फारसे काही नसेल. नियम पाळावेच लागतात. पण नकार देण्यापूर्वी, त्याला पैसे आगाऊ द्यायला तयार असलेली माणसे त्याच्यामागे आहेत का, एवढे विचारून पाहायला हरकत नाही. शिकागोच्या त्या बँकेने हे विचारले असते, तर तिला तीन हजार गिऱ्हाइकांचा पत्ता लागला असता.